चीनचा कागद आणि आमची रद्दी

कोणते राष्ट्र किती पुढे गेले हे ठरविताना त्याच्या लोखंडाचा, कोळशाचा व कापडाचा हिशेब मांडण्याची चाल सर्वत्र आहे. कागदाचा हिशेब मात्र सहसा कोणी मांडीत नाही. वस्तुतः शाळकरी मुलाची वही, कोर्टातील दस्तऐवज, बँकेचे पासबुक, औषधाचे वेष्टन, हापूस आंब्याची पेटी आणि आमच्या वाचकांच्या हाती रोज सकाळी पडणारे वर्तमानपत्र ही सारी एकाच लगद्याची लेकरे होत. ज्या देशात कागद थोडा खपतो, त्या देशात लिहिणेवाचणे थोडे आणि मालाची बांधाबांधही थोडी, असे समजण्यास फारशी हरकत नाही. म्हणून चीन व भारत या दोन शेजारी राष्ट्रांच्या कागदाच्या व्यापाराची गेल्या पाऊणशे वर्षांतील हकीकत वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. ही हकीकत केवळ व्यापाऱ्यांच्या कामाची आहे असे नाही. तिचा शेवट आपल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरातील केराच्या डब्यापाशी होतो, हे पुढे दिसून येईल.

प्रारंभी दोघेही एकाच पायरीवर उभे होते. कागद ही वस्तूच मुळी चीनची. साई लुन नावाच्या दरबारी अधिकाऱ्याने इसवी सन १०५ मध्ये झाडाची साल, चिंध्या व जुनी जाळी कुटून कागद केल्याचे तेथील इतिहासात नमूद आहे. आमच्याकडेही जुन्नरच्या व दौलताबादेजवळील कागजीपुऱ्याच्या कागद्यांनी दफ्तरखान्यांना पिढ्यान्‌पिढ्या कागद पुरविला. पुढे यंत्राचे युग आले. कलकत्त्याजवळ टिटागड येथे १८८२ साली गिरणी निघाली आणि त्याच दशकात पुण्याच्या मुंढव्यासही एक निघाली. १९२५ साली सरकारने बांबूपासून होणाऱ्या कागदास संरक्षक जकातीचा आधार दिला. इतके होऊनही १९५०-५१ साली साऱ्या भारताचा कागद व पुठ्ठा मिळून उत्पन्न सुमारे १ लाख १६ हजार टन होते. आणि १९४९ साली चीनमधील यंत्रावरच्या कागदाचे उत्पन्नही लाखाच्या थोडेसेच वर होते. लोकसंख्या अफाट, दारिद्र्य अपार, अक्षरओळख थोड्यांना आणि चांगला कागद पाहिजे तर परदेशापुढे हात पसरावयाचा, अशी दोघांचीही स्थिती होती. आज काय आहे? २०२३ साली चीनने १३ कोटी टनांच्या जवळपास कागद व पुठ्ठा केला. भारताचे उत्पन्न त्याच सुमारास अडीच कोटी टनांच्या आतबाहेर आहे. आमच्याकडे माणशी वर्षाला १५-१६ किलो कागद खपतो, तर चीनमध्ये त्याच्या पाचपटीहून अधिक. एकाच पायरीवरून निघालेल्या दोन प्रवाशांत इतके अंतर कसे पडले, याचा विचार करणे अवश्य आहे.

पहिली चाळीस वर्षे दोघांचीही फारशी कीर्तीची नाहीत. आमच्याकडे परवान्यांचे राज्य होते. वर्तमानपत्री कागद देशात व्हावा म्हणून मध्य प्रदेशात नेपानगर येथे गिरणी उभारली गेली आणि १९५६ साली पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्‌घाटन झाले. सलईच्या लाकडापासून व बांबूपासून तेथे कागद होऊ लागला, हे भूषणच होय. परंतु १९८१ सालापर्यंत वर्तमानपत्री कागदाची देशात तीच एक गिरणी होती. बाकीचा कागद परदेशातून यावयाचा आणि तो कोणास किती द्यावयाचा हे सरकारने ठरवावयाचे, असा प्रकार होता. ज्याच्या हाती कागद त्याच्या हाती लेखणीची मान, हे सत्य महाराष्ट्राने तेव्हाच ओळखले. १९५६ चा कायदा आणि १९६० चा हुकूम यांनी वर्तमानपत्राची पाने किती व किंमत किती हे ठरवून देण्याचा घाट घातला, तेव्हा पुण्याच्या 'सकाळ'ने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, आणि १९६१ साली तो कायदा घटनाविरुद्ध ठरला. पुढे १९७२ साली बेनेट कोलमन खटल्यात कागदवाटपाच्या धोरणातील पानांच्या मर्यादाही रद्द झाल्या. न्यायालयाने स्वातंत्र्य राखले खरे. पण न्यायालयास कागद निर्माण करता येत नाही. आयातीवरील बंधने सैल झाली ती १९९० नंतरच्या दशकात.

चीनमध्ये याच काळात खेडोपाडी लहान गिरण्या निघाल्या व त्या गव्हाभाताच्या काडापासून लगदा करू लागल्या. काड स्वस्त, पण त्या लगद्याचे काळे पाणी नदीत सोडल्यावाचून त्या गिरण्यांचा निभाव लागेना. ह्वाय नदीच्या खोऱ्यातील पाणी पिण्याच्या लायकीचे राहिले नाही, तेव्हा १९९६ साली सरकारने तेथील शेकडो लहान गिरण्यांना कुलपे ठोकली. १९९८ साली यांगत्सी नदीला प्रचंड पूर आले. डोंगर उघडे पडल्यामुळे पाण्याला अटकाव राहिला नाही, हे ध्यानी घेऊन नैसर्गिक अरण्यांतील तोडीवर बंदी आली. काड गेले, लाकूडही गेले. आता कागद करावयाचा तो कशाचा?

या प्रश्नाचे उत्तर चीनने दुसऱ्यांच्या उकिरड्यात शोधले. चीनमधून अमेरिकेस माल घेऊन गेलेली जहाजे परत येताना बहुतेक रिकामी येत. रिकाम्या कंटेनरचे भाडे नाममात्र. झांग यिन नावाच्या एका बाईने १९९० साली अमेरिकेत रद्दी गोळा करून चीनला पाठविण्याचा धंदा काढला. १९९५ साली दक्षिण चीनमध्ये 'नाईन ड्रॅगन्स' नावाची गिरणी काढली. आणि २००६ साली चीनमधील श्रीमंतांच्या एका प्रसिद्ध यादीत तिचे नाव सर्वांच्या वर झळकले. अमेरिकेतील घराघरांतून फेकलेली पुठ्ठ्याची खोकी चीनमध्ये यावयाची, त्यांचा लगदा होऊन नवी खोकी बनावयाची आणि त्याच खोक्यांत चिनी खेळणी व यंत्रे भरून पुन्हा अमेरिकेस जावयाची, असे हे रहाटगाडगे होते. २०१२ साली चीनने सुमारे ३ कोटी टन रद्दी बाहेरून आणली. २००९ साली त्याने कागदाच्या उत्पन्नात अमेरिकेस मागे टाकले. जो देश गेल्या शतकाच्या अखेरीपर्यंत कागद विकत घेत होता, तो या शतकाच्या पहिल्या दशकातच कागद विकू लागला. आपल्या गिरण्यांचे रक्षण करण्यातही तो ढिला राहिला नाही. अमेरिका, कॅनडा व दक्षिण कोरिया येथून पडत्या भावाने येणाऱ्या वर्तमानपत्री कागदाची चौकशी करून १९९९ साली त्यावर जादा जकात बसविली; असल्या प्रकारची चीनची ती पहिलीच कारवाई होय.

येथवरची हकीकत चातुर्याची आहे. परंतु आमच्या मते शिकण्यासारखी गोष्ट यापुढची आहे. रद्दीबरोबर अन्नाची घाण, प्लास्टिक व नाना प्रकारचा केर येऊ लागला. परदेशचा उकिरडा आपल्या अंगणात किती दिवस ठेवावयाचा, असा प्रश्न त्या देशात उत्पन्न झाला. जुलै २०१७ मध्ये चीनने जागतिक व्यापार संघटनेस नोटीस दिली. १ जानेवारी २०१८ पासून मिसळीच्या रद्दीस बंदी झाली. मार्चपासून उरलेल्या रद्दीत शेकडा अर्ध्याहून अधिक केर चालणार नाही असे ठरले. आणि १ जानेवारी २०२१ पासून घनकचऱ्याची आयातच संपूर्ण बंद झाली. ज्या दारातून लक्ष्मी आली ते दार बंद करण्यास धैर्य लागते. आणि केवळ दार बंद करून तो देश स्वस्थ बसला नाही. १ जुलै २०१९ पासून शांघाय शहरात घरोघर केर वेगवेगळा करणे कायद्याने सक्तीचे झाले. बाहेरचे दार लावताना घरातला डबा आधी नीट केला, हे त्यातील मर्म आहे.

आता आमच्याकडे पाहू. चीनने दार लावल्यावर ती रद्दी गेली कोठे? तिचा बराच मोठा लोंढा भारताकडे वळला. भारतात होणाऱ्या कागदापैकी शेकडा ७० च्या आसपास रद्दीपासून होतो, ही वास्तविक अभिमानाची गोष्ट. परंतु त्या रद्दीतील लक्षावधी टन आम्ही दरसाल अमेरिका, इंग्लंड व आखाती देशांतून विकत आणतो. इतकेच नव्हे, तर २०२० च्या सुमारास असा चमत्कार घडला की, आमच्या गिरण्या परदेशी रद्दी आणून तिचा तपकिरी कागद करीत आणि तो चीनला पाठवीत. म्हणजे निवडण्याधुण्याचा घाट आमच्या दारी आणि स्वच्छ माल त्यांच्या घरी! त्या वेळी येथील खोकी बनविणाऱ्या लहान कारखानदारांना कागद महाग झाला म्हणून त्यांनी कितीतरी आक्रोश केला. उत्तर प्रदेशात मुजफ्फरनगरच्या परिसरात परदेशी रद्दीतून निघालेल्या प्लास्टिकचे ढीग साठल्याची व ते जाळले जात असल्याची वृत्ते २०२२ साली जगभर गाजली. जे ओझे चीनने अपमानास्पद म्हणून उतरविले, ते आम्ही नफ्याचे म्हणून डोक्यावर घेतले.

यावर कोणी म्हणेल की, उपाय सोपा आहे. जकात वाढवा म्हणजे झाले. आम्ही स्वतः कागदाचे गिऱ्हाईक आहो, म्हणून आमचे मत पक्षपाताचे ठरण्याचा संभव आहे, हे आम्ही जाणतो. तरी अनुभव काय सांगतो तो पाहावा. २०१९ च्या अंदाजपत्रकात वर्तमानपत्री कागदावर शेकडा १० जकात बसली आणि पुढल्याच वर्षी ती ५ वर आणावी लागली. आग्नेय आशियातील राष्ट्रांशी झालेला व्यापारी करार १ जानेवारी २०१० पासून अमलात आला. त्यामुळे एका दाराला कडी घातली तरी दुसऱ्या दाराने कागद येतो. ऑक्टोबर २०२२ पासून परदेशी कागदाची आगाऊ नोंद करण्याची पद्धत सरकारने घातली, ती योग्यच आहे. परंतु नोंदीने लगदा होत नाही. १९२५ च्या संरक्षक जकातीचा उपयोग झाला, कारण तिच्यामागे बांबू होता आणि त्याचा लगदा करण्याची विद्या डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत शोधली जात होती. कच्चा माल हाती नसता नुसती जकातीची भिंत उभी केली, तर तिची किंमत गरिबाच्या मुलाच्या वहीवर चढते. विद्येवर कर बसवून धंद्याचे रक्षण करणे हे आम्हांस मान्य होण्यासारखे नाही.

दुसरा पक्ष म्हणतो की, कागद म्हणजे जंगलांचा संहार, तेव्हा कागदच कमी वापरावा. हा उपदेश ज्या देशात माणशी वर्षाला शेकडो किलो कागद खपतो तेथे शोभेल. जेथे अजून लक्षावधी मुलांच्या घरी शालेय पुस्तकांवाचून दुसरे पुस्तक नाही, तेथे तो थट्टेसारखा वाटतो. शिवाय १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने गिरण्यांना सांगितले की, लाकूड सरकारी अरण्यातून मागू नका, शेतकऱ्यांकडून घ्या. आणि तदनुसार आंध्र व तेलंगणातील कित्येक शेतकरी आपल्या रानात निलगिरी, सुबाभूळ व सुरू लावून गिरण्यांस विकीत आहेत. महाराष्ट्रातील पडीक, मुरमाड जमिनींच्या धन्यांनीही या गोष्टीचा विचार करावा. उसाच्या चिपाडाचाही कागद होतो. आणि साखरेचे एवढे कारखाने ज्या प्रांतात आहेत, त्याला हे वेगळे सांगण्याचे कारण नाही.

परंतु सर्वांत मोठी खाण आमच्या घरातच आहे, आणि तिच्याकडे आमची पाठ आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण या प्रकरणास जितकी लागू पडते तितकी क्वचितच दुसऱ्या कशास पडत असेल. मध्यमवर्गीय गृहस्थ वर्तमानपत्रांचा गठ्ठा महिनाअखेर रद्दीवाल्याच्या तराजूत घालतो व चार पैसे मोजून घेतो. तेवढ्याने आपले कर्तव्य झाले असे त्यास वाटते. पण मुलांच्या भरलेल्या वह्या, पाकिटे, औषधांची खोकी, लग्नपत्रिका, कचेरीतील कागद, किराण्याच्या पिशव्या यांचे काय होते? ते सर्व भाजीच्या देठांबरोबर आणि चहाच्या चोथ्याबरोबर एकाच डब्यात जाते. कागदाचा तंतू पाच-सात वेळा नव्याने लगद्यात घेता येतो; पण तेल, अन्न व ओल यांनी एकदा तो कुजला की एकदाही घेता येत नाही. वड्याभज्यांस छापील रद्दीत गुंडाळणे प्रकृतीस घातक आहे, असे अन्नसुरक्षेच्या सरकारी खात्याने २०१६ व २०२३ साली बजावले. तो कागद माणसाच्या पोटास अपाय करतो आणि गिरणीलाही निरुपयोगी होतो. येणेप्रमाणे आम्ही घरची कोरडी रद्दी ओली करून गावाबाहेर डेपोवर नेऊन टाकतो, आणि अमेरिकेतील कोणा गृहस्थाने कोरडी ठेवलेली रद्दी डॉलर मोजून समुद्रापलीकडून आणतो. याहून हास्यास्पद व्यापार तो कोणता?

असे का होते? अज्ञानामुळे होते म्हणावे, तर २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, कोरडा व घातक असा केर घरीच वेगळा करावा असे स्पष्ट सांगितले, आणि शहरांतून त्याच्या जाहिरातीही पुष्कळ झाल्या. खरे कारण दुसरे आहे आणि ते सांगण्यास भीड धरणे योग्य नव्हे. केर निवडणे हे आपले काम नव्हे, ते अमुक जातीच्या लोकांचे काम होय, ही समजूत आमच्या हाडीमाशी भिनली आहे. सोवळेओवळे गेले म्हणणारी सुशिक्षित घरेसुद्धा डब्याच्या बाबतीत जुन्या स्मृतींचेच पालन करतात. आपण घाण करावी व दुसऱ्याने ती हातांनी उपसावी, ही व्यवस्था जेथे धर्मासारखी चालते, तेथे कागदाचा धंदा कसा वाढणार? जातिभेदाने समाजाची जी हानी केली तिच्या यादीत परदेशी रद्दीच्या या बिलाचीही एक रक्कम मांडली पाहिजे.

हे खोटे वाटेल त्याने पुण्याकडे पाहावे. रस्त्यावर व उकिरड्यावर कागद, काच, पत्रा वेचून पोट भरणाऱ्यांत बहुतेक स्त्रिया, आणि त्यांतही बहुतेक दलित. महर्षी कर्व्यांनी स्थापिलेल्या महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातील कार्यकर्त्या त्यांच्यांत मिसळल्या, आणि १९९३ साली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही त्यांची संघटना उभी राहिली. या बायांनी भीक मागितली नाही. आम्ही कामगार आहो, आम्हांस ओळखपत्र द्या, आणि केर मिसळण्यापूर्वीच तो घेऊ द्या, एवढीच त्यांची मागणी होती. २००८ साली त्यांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेशी पुणे महानगरपालिकेने करार केला, आणि त्या दारोदार जाऊन केर गोळा करू लागल्या. जे काम चीनने हुकमाने केले ते येथे संघटनेने व सहकाराने होऊ शकते, याचा हा प्रत्यक्ष पुरावा आहे. चीनचे अनुकरण करा असे आम्ही म्हणत नाही. ज्या राज्यात मजुरास मोकळेपणी संघ काढता येत नाही व वर्तमानपत्रास मोकळेपणी लिहिता येत नाही, तेथे कागद कितीही होवो, त्या कागदावर काय छापावे याचे स्वातंत्र्य नाही. आमच्याकडे ते स्वातंत्र्य आहे. मग सक्तीवाचून शहाणपण सुचण्यास अडचण कोणती?

कर्तव्य काय ते थोडक्यात सांगतो. नगरपालिकांनी कंत्राटदारास वजनावर पैसे देण्याची रीत सोडावी; कारण केर जितका मिसळलेला व ओला, तितके त्याचे वजन अधिक आणि तितका कंत्राटदाराचा लाभ अधिक, असा उलटा न्याय त्या रीतीत आहे. त्याऐवजी प्रत्येक पेठेत रद्दी निवडण्यास छप्पर असलेली जागा, पाणी व तराजू द्यावा, आणि ते काम वेचक स्त्रियांच्या सहकारी संस्थांकडे सोपवावे. सरकारी कचेऱ्या, न्यायालये व विद्यापीठे यांनी जुने कागद कुजेपर्यंत कोठड्यांत न ठेवता मुदत संपताच ते कोरडे व वेगळे गिरण्यांस विकावे, आणि आपल्या खरेदीत देशी रद्दीच्या कागदास अग्रक्रम द्यावा. शाळांनी वर्षअखेर भरलेल्या वह्या गोळा कराव्या. यात मुलांना जो धडा मिळेल तो पाठ्यपुस्तकातल्या धड्याहून अधिक टिकेल. परदेशी रद्दीची बंदरावरील तपासणी कडक व्हावी. आणि आपली रद्दी पुरेशी निघू लागली म्हणजे ती आयात पायरीपायरीने कमी करण्याची मुदत सरकारने आधी जाहीर करावी, म्हणजे गिरण्यांचा गोंधळ होणार नाही.

हे सर्व सरकारने करावे आणि आपण पाहत बसावे, असे मात्र कोणी समजू नये. घरातील एक डबा ओल्यासाठी व एक कोरड्यासाठी ठेवण्यास कायदा, भांडवल वा परदेशी तज्ज्ञ यांपैकी कशाचीच गरज नाही. गरज आहे ती आपल्या हाताने कागद निराळा काढण्याची, आणि तो न्यावयास दारी येणाऱ्या बाईस 'कचरेवाली' न म्हणता तिच्या नावाने हाक मारण्याची. स्वदेशीची चळवळ आमच्या पूर्वजांनी परदेशी कापडाची होळी करून चालविली. आजच्या स्वदेशीस होळीची गरज नाही. रद्दी कोरडी ठेवली म्हणजे पुरे. चीनला आपल्या अंगणाची लाज वाटली आणि त्याने दार लावले. आम्हांस आपल्या डब्याची लाज केव्हा वाटणार, याचे उत्तर दिल्लीत मिळावयाचे नाही. ते या शहरातील प्रत्येक घराने आपापल्या उंबरठ्यावर द्यावयाचे आहे.